कोपऱ्यातलं नाव

लालबाग-परळच्या गणपती कारखान्यात काढलेलं, चार जाणकारांनी वाखाणलेलं कुठलंही छायाचित्र घ्या. ताडपत्रीतून गाळून आलेला निळसर उजेड, वीस फुटी मूर्तीचा अर्धवट रंगलेला चेहरा, बांबूच्या परांचीवर उकिडवा बसलेला माणूस आणि त्याच्या हातातला, बुबुळापाशी येऊन थांबलेला बारीक ब्रश. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या वळणदार अक्षरांत एक नाव असतं. ते छायाचित्रकाराचं. समाजमाध्यमावर टाकलेलं असेल तर सोबत मंडळाचं नाव, विभागाचं नाव, कॅमेऱ्याचं मॉडेल, कधी कधी लेन्सचाही उल्लेख असतो. वर्तमानपत्रात आलं तर ‘मूर्तीवर अखेरचा हात फिरवताना कारागीर’ अशी ओळ आणि तिच्यापुढे ‘छाया’ म्हणून छायाचित्रकाराचं नाव. ज्याच्या हाताकडे आपण डोळे लावून पाहतो, तो माणूस कोण हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. रस्त्यावर, मंडपात, चौकात काम करणाऱ्या कलावंतांची छायाचित्रं काढण्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुधा परवानगीच्या अंगानं: विचारून काढावं की न विचारता, सार्वजनिक जागेत विचारायची गरज आहे का, कुणी नको म्हटलं तर काय करावं. मला वाटतं, या चर्चेनं मूळ मुद्दा चुकवला आहे. रस्त्यावरच्या कलावंताच्या बाबतीत परवानगी हा दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न श्रेयाचा आहे, आणि तो फोटो काढताना कमी, फोटोखाली ओळ लिहिताना जास्त उभा राहतो.

परवानगीचा विचार मुळात आला तो रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या माणसाच्या संदर्भात. तो कामाला निघालेला असतो, आपण कुणाच्या चौकटीत सापडावं असं त्याच्या मनात नसतं. अशा माणसाचा चेहरा उचलून कलादालनात टांगणं योग्य का, हा वाद जगभर झाला आहे. फिलिप-लोर्का डिकोर्सिया या छायाचित्रकारानं न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये लपवलेल्या प्रकाशयोजनेनं वाटसरूंचे चेहरे टिपले. त्यातल्या एका वाटसरूनं दावा लावला आणि २००६ साली न्यायालयानं तो फेटाळला, कारण छायाचित्र ही कला आहे आणि कलेला ही मोकळीक हवी. निकाल पटो वा न पटो, तिथला झगडा एका माणसाचा खासगीपणा आणि दुसऱ्याची कला यांच्यातला होता. गिरगावात पाडव्याच्या पहाटे भर रस्त्यात बसून रांगोळी काढणाऱ्या मुलीला हा हिशेब लागू होत नाही. ती पाहिली जावी म्हणूनच तिथे बसली आहे. दोरीवरचा डोंबारी, दारोदार फिरणारा मोरपिसांच्या टोपीतला वासुदेव, मिरवणुकीपुढचा बेंजोवाला यांनी खासगीपणा स्वखुशीनं घरी ठेवलेला असतो. लोकांनी थांबावं, पाहावं, यातच त्यांच्या कामाची सिद्धी आहे. मग त्यांच्याकडे कॅमेरा रोखण्यात गैर काय, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे, काहीही नाही. पण इथे दुसरीच गोष्ट घडत असते. वाटसरूच्या छायाचित्रात पाहण्याजोगं जे असतं ते छायाचित्रकारानं शोधलेलं असतं, म्हणजे तो उजेड, तो क्षण, ती गर्दीतली एकटी मान. कलावंत काम करत असताना काढलेल्या छायाचित्रात पाहण्याजोगं जे आहे त्यातला मोठा भाग आधीच दुसऱ्या कुणीतरी घडवलेला असतो. अशा चित्राला दोन कर्ते असतात, आणि आपली सगळी रीत त्यांतल्या एकालाच कर्ता मानते.

लालबाग-परळ आणि चिंचपोकळीच्या पट्ट्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं, कारण तिथे कॅमेऱ्यांची गर्दी आणि कलावंतांची गर्दी एकाच हंगामात येते. चतुर्थीच्या आधी दोन-अडीच महिने गिरण्यांच्या जुन्या आवारांत आणि मोकळ्या मैदानांत मंडप पडतात. साचे, काथ्या, प्लास्टर, शाडू, लोखंडी सळ्या आणि कॉम्प्रेसरचा आवाज. सुरुवातीला कुणी फिरकत नाही, कारण राखाडी धडात आणि सुट्या हातांत छायाचित्रकाराला रस नसतो. रंगकाम सुरू झालं की माणसं यायला लागतात, आणि डोळ्यांच्या आखणीच्या दिवसांत तर परांचीखाली उभं राहायला जागा उरत नाही. आखणी हे कारखान्यातलं सगळ्यात जोखमीचं काम. अंगाचा रंग बिघडला तर पुन्हा फवारता येतो, पण बुबुळाची गोलाई एका बाजूला जराशी जास्त झाली तर मूर्ती तिरळी दिसते. भुवई, पापणीची कड, बुबुळ आणि त्यातला पांढरा ठिपका एवढ्यावर सबंध मूर्तीचा भाव ठरतो. श्वास रोखून हे काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर खालून फ्लॅश मारला जातो, ‘जरा इकडे बघा’ म्हटलं जातं, ब्रश पुन्हा एकदा डोळ्याला लावून धरायला सांगितलं जातं. अनेक कारखान्यांना या दिवसांत बाहेरच्यांना मज्जाव करावा लागतो, त्याचं कारण हेच. हा त्रास थांबायलाच हवा. पण त्रासाबद्दल बोलून आपण सुटतो. तो न देता, लांबून, मोठ्या लेन्सनं, अदबीनं काढलेल्या छायाचित्रातही आखणी करणारा बिननावाचाच राहतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. या पट्ट्यात मूर्तिकाराच्या नावाला मान आहे, आणि तो आजचा नाही. गणेश गल्लीच्या मंडळाची स्थापना १९२८ सालची. १९७७ साली, सुवर्णमहोत्सवात, तिथे बावीस फुटांची मूर्ती उभी राहिली आणि ती घडवणारे दिनानाथ वेलिंग हे नाव लालबागमध्ये आजही आदरानं घेतलं जातं. लालबागचा राजा आणि त्याची मूर्ती घडवणारं कांबळी कुटुंब ही जोडी पिढ्यांची आहे. मूर्तिकार विजय खातू २०१७ साली गेले तेव्हा परळनं घरचं माणूस गेल्यासारखा शोक केला आणि पुढे त्यांच्या मुलीनं, रेश्मा खातू यांनी, कारखाना चालवला, याची नोंद वृत्तपत्रांनी ठळकपणे घेतली. आगमनाच्या फलकांवर मंडळाच्या नावाखाली मूर्तिकाराचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. म्हणजे नाव देण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे, ती आपल्याच गल्लीतली आहे. फक्त ती जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबते. एका मोठ्या कारखान्यात साचा भरणारे वेगळे, जोडकाम करणारे वेगळे, पॉलिश पेपरनं अंग घासणारे, अंगाचा रंग फवारणारे, छटा देणारे, सोनेरी दागिने रंगवणारे वेगळे आणि आखणी करणारा वेगळा. कोकणातून, तसेच परराज्यांतूनही माणसं हंगामापुरती इथे येतात. छायाचित्रात दिसतो तो बहुतेक वेळा यांच्यापैकी कुणीतरी, आणि फलकावर नाव असतं ते मालक-मूर्तिकाराचं. मूर्तिकाराचं नाव द्यायलाच हवं, कारण मूर्तीची कल्पना आणि जबाबदारी त्याची. पण चौकटीत जो माणूस आहे तो दुसराच आहे. त्याच्याखाली मूर्तिकाराचं नाव लिहिणं अपुरं, आणि नुसतं ‘कारागीर’ लिहिणं तर त्याहून अपुरं.

रांगोळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांची प्रथा १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि पुढे गिरगाव, दादर, लालबाग-परळपर्यंत पसरली. गिरगावात फडके गणपती मंदिरापासून निघणाऱ्या यात्रेच्या वाटेवर आदल्या रात्रीपासून रांगोळ्या घातल्या जातात. ठिपक्यांची रांगोळी, पाच बोटांनी सोडलेले गालिचे, आणि लेक रंगांनी चाळून-चाळून उभी केलेली व्यक्तिचित्रं. यात्रा येते, ढोल येतात आणि तासाभरात रात्रभराचं काम पायाखाली जातं. मूर्ती निदान विसर्जनापर्यंत टिकते. रांगोळीचं आयुष्य एका सकाळचं. मागे राहतं ते फक्त छायाचित्र. त्यामुळे रांगोळीच्या बाबतीत छायाचित्रकार नुसता नोंद घेणारा राहत नाही, त्या कलाकृतीचं उरलेलं सगळं आयुष्य त्याच्या हाती जातं. त्यानं नाव लिहिलं तर ती रांगोळी कुणाची तरी राहते, नाही लिहिलं तर ती ‘गिरगावातील आकर्षक रांगोळी’ होऊन जाते, कायमची. चित्राचा कोपरा कापून चौकट बसवताना, रांगोळीवाल्यानं कडेला घातलेली स्वतःची सही बाहेर राहते आणि तिथेच छायाचित्रकाराची पांढरी सही येते. हे कुणी दुष्टपणानं करत नाही. चौकट चांगली बसावी म्हणून करतात. परिणाम तोच होतो.

याच जागी एक उलटा प्रश्नही विचारला जातो आणि तो रास्त आहे. व्यक्तिचित्राच्या रांगोळ्या बहुतेक वेळा छायाचित्रावरूनच काढलेल्या असतात. कुठल्यातरी छायाचित्रकारानं टिपलेली गायिकेची मुद्रा, खेळाडूचा चेहरा, आजीच्या सुरकुत्या समोर ठेवून रांगोळीवाला चौकोन आखतो आणि रंग चाळतो. तो कुठे त्या छायाचित्रकाराचं नाव लिहितो? बरोबर. तोही लिहीत नाही, आणि त्यानंही लिहायला हवं. श्रेयाचं तत्त्व एका बाजूनं चालत नाही. पण दुसऱ्यानं चुकवलं म्हणून माझंही देणं फिटत नाही, आणि छायाचित्रकारांच्या बाबतीत तर हे देणं जास्त टोचायला हवं. बिननावाचं छापलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना फार जवळून माहीत आहे. वार्ताहराचं नाव बातमीवर येत असे आणि छायाचित्राखाली काहीच येत नसे, तो काळ काही फार जुना नाही. ‘छाया’ हा छोटासा शब्द आणि त्याच्यापुढचं नाव त्यांनी आग्रहानं मिळवलं आहे. आज आपलं चित्र कुणी उचलून दुसऱ्या पेजवर टाकलं की कोपऱ्यातली सही खोडल्याबद्दल जो संताप होतो तो अगदी खरा असतो. त्या संतापामागचं तत्त्व असं की काम ज्याचं, नाव त्याचं. ते तत्त्व कॅमेऱ्यापुढे ब्रश धरलेल्या माणसापाशी येऊन थांबत नाही.

डोंबारी, वासुदेव, नंदीबैलवाला, पोतराज यांच्याकडे वळलं की या बिननावाच्या सवयीला मोठा इतिहास आहे हे दिसतं, आणि तो मुंबईतच सुरू होतो. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या ‘पौर्वात्य वंश आणि जमातीं’चा दोन भागांतला छायाचित्रसंग्रह काढला. त्यातली माणसं वेगळी टिपून मुंबईच्या निरनिराळ्या जागांच्या पार्श्वभूमीवर चिकटवलेली आहेत. म्हणजे माणूसही खरा, जागाही खरी, पण तो माणूस त्या जागी उभाच नव्हता. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सरकारी संग्रह निघाला. या संग्रहांत सामान्य माणसाच्या चित्राखाली बहुतेक वेळा जात येते, जमात येते, धंदा येतो. नाव येत नाही, कारण त्या माणसाशी कुणाला कर्तव्यच नव्हतं, नमुना हवा होता. त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि अनेक भटक्या समाजांवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. छायाचित्राखाली ‘डोंबाऱ्याचा खेळ, दादर’ असं लिहिणारा आजचा हौशी तरुण ते संग्रह काढणाऱ्या साहेबाचा वारस आहे असं मला म्हणायचं नाही. त्याच्या मनात कौतुक आहे, तिथे वर्गवारी होती. पण ओळ तीच आहे: जात, धंदा, ठिकाण. मन बदललं, ओळ बदलली नाही.

आपल्या कायद्यातही हा झगडा आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा भीक मागण्याची व्याख्या करताना गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं या गोष्टींना भीक मागण्याची ‘निमित्तं’ मानतो. सार्वजनिक जागी गाऊन दोन रुपये घेणारा माणूस या व्याख्येत गायक नाही, गाण्याचं निमित्त करणारा भिकारी आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी त्याला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली या कायद्यातली भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली, पण महाराष्ट्रात तो कायदा आहेच. आता दुसरा कायदा पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि ‘प्रयोगकर्ता कलावंत’ कोण याची व्याख्या आली. तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्या रांगेत कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार आणि गारुडी यांना नावानं बसवलेलं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं या कलावंतांना आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क स्पष्टपणे दिला. तारेवर चालणारी बाई एका कायद्यानं निमित्त करणारी भिकारीण आणि दुसऱ्या कायद्यानं नावाचा हक्क असलेली कलावंत! दोन्ही कायदे एकाच राज्यात, एकाच रस्त्यावर लागू आहेत. छायाचित्राखाली ओळ लिहिणारा माणूस, त्याला जाणवो न जाणवो, दर वेळी या दोहोंतल्या एका कायद्याची बाजू घेत असतो.

कायद्याच्या जोरावर हे सगळं घडवून आणावं असं मात्र मी सुचवत नाही. कायद्यात वाटा आहेत. प्रयोगाच्या हक्कातलं ‘दृश्यमुद्रण’ हलत्या चित्रांपुरतं आहे, स्थिर छायाचित्र त्यात येत नाही. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचं छायाचित्र काढायला आणि छापायला मोकळीक आहे, पण दहा दिवसांची गणेशमूर्ती ‘कायम’ नसते आणि रांगोळी शिल्प नसते, त्यामुळे शब्दशः वाचलं तर ती मोकळीक दोघांनाही लागू होत नाही. निर्मात्याचं नाव जोडलं जाण्याचा नैतिक हक्क कायद्याच्या ५७व्या कलमात आहे. त्या कलमाच्या आधारे विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सहगल केंद्र सरकारविरुद्ध लढले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्प परत करून पाच लाखांची भरपाई द्यायला लावली. अमेरिकेत ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवरची भित्तिचित्रं मालकानं रातोरात पांढरी केली तेव्हा २०१८ साली न्यायालयानं एकवीस रस्ताचित्रकारांना ६७ लाख ५० हजार डॉलर देवविले. ही प्रकरणं धीर देणारी आहेत. पण आखणी करणारा हंगामी माणूस एका छायाचित्राच्या ओळीसाठी न्यायालयात जाणार नाही, आणि जाऊ नये. इतक्या लहान गोष्टीचा निकाल कायद्याआधी रिवाजानं लागला पाहिजे.

आता आक्षेप. सगळ्यात मानाचा आक्षेप असा की आपली परंपराच निनावी आहे. देवाचं काम आहे, त्यात नावाचा हव्यास कशाला. कलावंतही बोलताना ‘बाप्पानं करवून घेतलं’ असं म्हणतात. हे म्हणणं खोटं नाही, पण त्यावरून निनावीपणा ही आपली रीत ठरत नाही. मराठीइतकी नावाची नम्र आणि ठाम परंपरा क्वचितच सापडेल. संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफलं. शाहिरांनी पोवाड्याच्या आणि लावणीच्या अखेरीला स्वतःचं, कधी गुरूचं, कधी गावाचं नाव घातलं. देवापुढे लीन असणाऱ्यांनीच हे केलं, कारण नाममुद्रा हा त्यांच्या लेखी गर्व नव्हता, जबाबदारी होती: हे बोल माझे, चूकभूल माझ्या पदरी. गिरणगावातल्या शाहिरांची नावं आपल्याला ठाऊक आहेत याचं मोठं कारण ही मुद्रा आहे. छायाचित्रात कलावंताला स्वतःची मुद्रा घालता येत नाही, म्हणून ती घालण्याचं काम दुसऱ्यावर येतं. शिवाय ‘बाप्पानं करवून घेतलं’ असं म्हणण्याचा अधिकार त्या कलावंताचा आहे. तेच वाक्य त्याच्या वतीनं आपण म्हणू लागलो की त्याची नम्रता आपल्या आळसाच्या कामी येते.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूनं येतो. नाव-गाव विचारायला गेलं की माणूस सावध होतो, हसतो, ताठ बसतो, क्षण निसटतो. बरोबर आहे, आणि म्हणूनच परवानगीपेक्षा श्रेयाचा आग्रह छायाचित्रकाराच्याही सोयीचा आहे. परवानगी आधी घ्यावी लागते. नाव नंतर विचारता येतं. चित्र मिळालं, हात थांबला, कारागीर चहाला खाली उतरला, की दोन मिनिटं. एवढ्यानं टिपलेला क्षण बिघडत नाही. उलट, संगत वाढली की चित्र सुधारतं याला मराठीत भक्कम पुरावा आहे. संदेश भंडारे यांनी तमाशाचं छायाचित्रण केलं ते ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ या पुस्तकात पाहावं. फडांबरोबर हिंडल्याशिवाय राहुटीतले, प्रवासातले, रंग उतरवतानाचे ते क्षण हाती लागत नाहीत. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं सुधारक ओलवे यांनी केलेलं काम दीर्घ ओळखीतून उभं राहिलं. ज्याला नाव माहीत आहे त्याला हेही कळतं की आखणीत डावा डोळा आधी होतो की उजवा, कुठल्या क्षणी बोलायचं नाही, आणि खरा अवघड भाग डोळ्यात आहे की हनुवटीखालच्या छटेत. नाव विचारणाऱ्याला माहितीही मिळते, आणि माहिती मिळालेला छायाचित्रकार सगळ्यांनी काढलेला तोच तो डोळ्यापाशी थांबलेला ब्रश पुन्हा काढत नाही.

‘पण आमच्या फोटोमुळे त्यांना प्रसिद्धीच मिळते ना?’ हे तिसरं म्हणणं फार वेळ घेण्यासारखं नाही. नावाशिवाय प्रसिद्धी मिळते ती उत्सवाला, विभागाला आणि छायाचित्रकाराला. ग्रँट रोडच्या बाजूला आल्फ्रेड टॉकीजसाठी हातानं रंगवलेल्या फलकांची, त्या रंगाऱ्यांच्या पाठमोऱ्या आकृतींची चित्रं खूप पाहिली गेली. त्यावरून ओळखून किती रंगाऱ्यांना कुणी पुढचं काम दिलं असेल? ज्याला शोधता येत नाही त्याला काम देता येत नाही. चित्रकार हुसेन यांनी तरुणपणी याच मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यांच्या शेजारच्या शिडीवर कोण होतं ते सांगता येत नाही.

चौथा आक्षेप मात्र खरा जड आहे, आणि त्यापुढे माझ्या म्हणण्याला वळण घ्यावं लागतं. नाव दिल्यानं माणूस अडचणीत येऊ शकतो. ज्या राज्यात रस्त्यावर खेळ करणं भीक ठरू शकतं, तिथे चेहरा, नाव आणि नाका एकत्र छापणं म्हणजे पोलिसाच्या हाती पत्ता देणं. दोरीवर चालणारी बहुतेक वेळा लहान मुलगी असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४वं कलम काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं, आणि शाळेच्या वेळात रस्त्यावर कसरत करणारी मुलगी त्यात मोडते असं म्हणायला भरपूर जागा आहे. तिचं नाव देऊ नये. चेहराही देऊ नये. खरं तर तिच्याकडे ‘किती सुंदर तोल’ म्हणून कॅमेरा रोखण्याआधी ती दोरीवर का आहे, हा विचार यायला हवा. पोतराजाचंही तसंच. कोरड्याचे फटके अंगावर ओढणारा, हळदीकुंकवानं माखलेला माणूस चित्रात भव्य दिसतो. पण दलित समाजातल्या सुधारकांनी ही प्रथा सोडायला सांगितली ती काही विनाकारण नाही, आणि ती सोडलेल्या घरातल्या मुलांना बापाचं नाव त्या चित्राखाली नको असू शकतं. म्हणून नाव द्या याचा अर्थ नाव छापाच असा मी करत नाही. नाव विचारा, आणि छापायचं की नाही ते त्यालाच ठरवू द्या. ‘नाव नको’ हे कलावंताचं उत्तर असेल तर तो त्याचा हक्क बजावणं झालं. आपण विचारलंच नाही, तर तो हक्कच नाकारणं झालं. छापलेल्या पानावर दोन्ही ठिकाणी रिकामी जागा दिसते हे खरं, पण ‘कलावंताच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही’ एवढी एक ओळ तो फरक वाचकाला दाखवू शकते.

हातांची संख्या हाही एक व्यावहारिक प्रश्न आहे. एका मूर्तीला पंचवीस हात लागत असतील तर किती नावं लिहायची? चित्रपटानं याचं उत्तर कधीच शोधलं आहे, कामावार नाव. छायाचित्राला तर त्याहून सोपं, कारण चौकटीत एक किंवा दोनच माणसं असतात. ‘आखणी: अमुक. कारखाना: तमुक. मंडळ: अमुक.’ इतकी ओळ पुरते. नावाबरोबर कामाचा शब्दही छापला जातो, हा वेगळा लाभ. आखणी, भरणी, छटा, चाळकाम हे शब्द कारखान्याबाहेर फारसे ऐकू येत नाहीत. ते वर्तमानपत्रात दरवर्षी दिसू लागले तर वाचकाची नजरही तयार होईल, आणि चांगली आखणी आणि बरी आखणी यांतला फरक मंडपात उभा राहणाऱ्या माणसाला कळू लागेल.

पैशाचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे सरसकट नियम करता येत नाही. खेळ पाहून नाणं टाकणं ही रस्त्यावरच्या कलेची जुनी रीत आहे. आता पुष्कळ जण खेळ पाहतात, चित्रित करतात आणि पुढे जातात. खिशातून हात बाहेर येतो तो फोनसाठी. खेळ करणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर प्रेक्षक वाढले आणि मिळकत घटली. जो टिपतो त्यानं दहा-वीस रुपये टाकावेत, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. पण चित्र पुढे विकलं गेलं, दिनदर्शिकेवर किंवा जाहिरातीत गेलं, तर वाटा मागण्याचा मूर्तिकाराचा आणि रांगोळीवाल्याचा हक्क दक्षिणेच्या हिशेबात बसत नाही. तो कराराचा भाग आहे आणि करार करायला समोरच्याचं नाव लागतंच. म्हणजे पैशाची वाटही नावावरूनच जाते.

हे सगळं घडवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. वर्तमानपत्राच्या छायाचित्र विभागानं ओळीशिवाय चित्र न स्वीकारण्याचा नियम पाळलेला असतोच, त्यात कलावंताच्या नावाची अट घालता येईल. गणेशोत्सव आणि पाडव्याच्या निमित्तानं मुंबईत मंडळं आणि संस्था छायाचित्र स्पर्धा घेतात. प्रवेशिकेत स्पर्धकाचं नाव, कॅमेरा, लेन्स, शटरचा वेग आणि छायाचित्राचं शीर्षक भरायला रकाने असतात. तिथे आणखी एक रकाना घालावा: छायाचित्रातील कलावंताचं नाव व काम, आणि ते छापण्यास त्याची संमती आहे किंवा नाही. तो रकाना कोरा असेल तर प्रवेशिका अपूर्ण समजावी. ज्या मंडळांच्या फलकांवर मूर्तिकाराचं नाव आधीपासून ठळक अक्षरांत येतं, त्यांनी याची सुरुवात करावी.